नोंद आहे, माल गायब

यशवंतपूरचं एपीएमसी यार्ड बेंगळुरूच्या वायव्य भागात, तुमकुरू रस्त्याच्या बाजूला आहे. चित्रदुर्ग, गदग, बागलकोट, विजयपुराचा कांदा इथं उतरतो, तसाच नाशिक, अहिल्यानगर आणि सोलापूरचाही. त्यामुळे यशवंतपूरला आज काय भाव निघाला, याची चौकशी लासलगाव आणि घोडेगावातही होते. पूर्वी हा भाव अडत्याच्या फोनवरून कळायचा. आता देशभरातल्या बाजार समित्यांची आवक आणि दर 'अ‍ॅगमार्कनेट' या सरकारी पोर्टलवर चढतात. केंद्राच्या पणन व निरीक्षण संचालनालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, मदतीने २००० साली हे काम सुरू केलं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर तिथं क्विंटलमागे नोंदवलेले असतात. सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून हीच आकडेवारी एपीआयद्वारे कुणालाही घेता येते.

ती घेऊन वापरायची म्हटली की मधे बरीच कामं येतात. ठरलेल्या वेळी माहिती ओढायची, तपासायची, देशभरच्या ओळींतून बेंगळुरूच्या कांद्याच्या ओळी वेगळ्या काढायच्या, क्विंटलचा भाव किलोवर आणायचा, डेटाबेसमध्ये भरायचा आणि त्याचा आलेख काढायचा. एकेका टप्प्याला एकेक छोटा प्रोग्रॅम आणि दोन टप्प्यांच्या मधे एक रांग, अशा साखळीला डेटा पाइपलाइन म्हणतात.

समजा, बेंगळुरूतल्या एका छोट्या टीमने अशी पाइपलाइन उभी केली आहे. सोमवारी सकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की आलेखात शनिवारची जागा रिकामी आहे. यंत्रणेचा इतिहास उघडला तर शनिवारची फाइल आल्याची नोंद दिसते. वेळ आहे, नाव आहे, आकारही आहे. मजकूर बघायला जावं तर पाटी येते की तो आता साठ्यात उपलब्ध नाही. "आला होता ना? मग गेला कुठं?" हा प्रश्न पाइपलाइनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. त्याचं उत्तर शोधण्याची एक रीत आहे, आणि ती समजायला यंत्रणेच्या पोटात थोडं डोकावावं लागतं.

वही वेगळी, गोदाम वेगळं

अशा कामासाठी जगभर वापरलं जाणारं एक मोफत सॉफ्टवेअर म्हणजे 'अपाचे निफाय'. आपल्या उदाहरणातली पाइपलाइनही त्यावरच चालते असं धरू. त्याचा जन्म अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएत, २००६ साली झाला. तिथं त्याचं नाव 'नायगाराफाइल्स' होतं. २०१४च्या अखेरीस ते अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आलं आणि जुलै २०१५ मध्ये तिथला स्वतंत्र, पूर्ण दर्जाचा प्रकल्प झालं.

बाजारात गाडी आली की फाटकावर नोंद होते. माल कुणाचा, गोण्या किती, जाणार कोणत्या अडत्याकडे. नोंद वहीत राहते आणि गोण्या गाळ्यावर जातात. निफायही हेच करतं. आत आलेल्या प्रत्येक वस्तूला ते 'फ्लोफाइल' म्हणतं आणि तिचे दोन भाग करतं. नाव, आकार, आल्याची वेळ वगैरे तपशील 'फ्लोफाइल रिपॉझिटरी'त जातात. ही झाली वही. प्रत्यक्ष मजकूर 'कंटेंट रिपॉझिटरी'त जातो. हे गोदाम. वहीतल्या नोंदीत मजकूर नसतो, तो कुठं ठेवला त्याचा पत्ता तेवढा असतो. याशिवाय 'प्रॉव्हेनन्स रिपॉझिटरी' नावाचं तिसरं दप्तर आहे. कोणती फाइल कधी आली, कुणी बदलली, कुठं पाठवली आणि कधी टाकून दिली, असा सगळा प्रवास त्यात लिहिला जातो.

ही विभागणी वेगासाठी केलेली आहे. एक जीबीची फाइल दहा टप्प्यांतून जाते तेव्हा दहा वेळा तिची नक्कल होत नाही. टप्प्याटप्प्याला फक्त नोंद सरकते, मजकूर जागेवर राहतो. एखाद्या टप्प्याने मजकूर बदलला, तरच नवी प्रत लिहिली जाते. या सोयीची किंमत एवढीच की वही आणि गोदाम यांची फारकत होऊ शकते. शिवाय तिन्ही दप्तरांच्या मुदती वेगवेगळ्या असतात. माल हलल्यावरही इतिहास शिल्लक राहतो तो त्यामुळेच.

आधी हात आवरा

मजकूर सापडत नाही म्हटल्यावर पहिली ऊर्मी येते ती रिस्टार्ट मारण्याची. दुसरी येते फोल्डर साफ करून नव्याने सुरू करण्याची. दोन्ही आवरायला हव्यात. निफाय सुरू होताना गोदामात फेरी मारतं. ज्या फाइलची वहीत कुठंच नोंद नाही ती बेवारस ठरते, आणि सेटिंगप्रमाणे जुन्या मालाच्या कप्प्यात ढकलली जाते किंवा सरळ पुसली जाते. म्हणजे कुणी घाईने फ्लोफाइल रिपॉझिटरी डिलीट करून रिस्टार्ट केला, तर गोदामातला धडधाकट मालही बेवारस होतो. साध्या चौकशीचं प्रकरण तिथून नुकसानीवर जातं.

म्हणून आधी लॉगची प्रत बाजूला ठेवावी, डिस्क किती भरली आहे ते बघावं आणि यंत्र शेवटचं कधी बंद-चालू झालं ते लिहून घ्यावं. मग मजकुराकडे वळावं. तो तीन तऱ्हांनी नाहीसा झालेला असू शकतो. एक, तो कधी आलाच नव्हता. दोन, आला होता, पण मुदत संपल्यावर नियमाने काढला गेला. तीन, नियमाबाहेर नष्ट झाला. तिन्हींत पडद्यावर तीच रिकामी जागा दिसते, पण उपाय एकसारखा नाही.

पत्त्यावर जाऊन बघायचं

फ्लोफाइल अजून रांगेत असेल किंवा इतिहासात तिची नोंद असेल, तर तिचा पत्ता पडद्यावर वाचता येतो. त्यात पाच गोष्टी असतात: कंटेनर, सेक्शन, आयडेंटिफायर, ऑफसेट आणि साइझ. समजा, सेक्शन ३७ आहे, आयडेंटिफायर १७०००००००००००-२०८५ आहे, ऑफसेट ४०,९६० आणि साइझ ८१२ बाइट.

आयडेंटिफायरमधला डॅशच्या आधीचा लांबलचक आकडा म्हणजे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेनुसार, मोजलेले मिलिसेकंद. हिशेब केला तर तो १५ नोव्हेंबर २०२३, भारतीय वेळेनुसार पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटं २० सेकंद असा येतो. म्हणजे गोदामातली ही फाइल कधी उघडली गेली, ते तिच्या नावातच लिहिलेलं आहे. डॅशनंतरचा २०८५ हा अनुक्रमांक. निफाय गोदामाचे १,०२४ कप्पे करतं आणि अनुक्रमांकाला १,०२४ने भागून उरणाऱ्या बाकीच्या कप्प्यात फाइल टाकतं. २०८५मधून २०४८ गेले, उरले ३७. कप्पा बरोबर आहे.

छोटे मजकूर निफाय एकाच फाइलमध्ये एकामागोमाग लिहीत जातं. म्हणून फाइलच्या नावावर भागत नाही, आत कुठून कुठपर्यंत वाचायचं तेही सांगावं लागतं. ऑफसेट आणि साइझ त्यासाठी आहेत. ४०,९६० आणि ८१२ मिळून ४१,७७२ होतात, तेव्हा ३७ नंबरच्या कप्प्यातली ही फाइल निदान ४१,७७२ बाइटची असायला हवी.

आता सर्व्हरवर त्या कप्प्यात जाऊन बघायचं. फाइल आहे आणि पुरेशी मोठी आहे, तर माल जागेवर आहे आणि अडचण वाचण्याच्या परवानगीची असू शकते. फाइल आहे पण आखूड आहे, तर लिहिता लिहिता काहीतरी तुटलं. कप्प्याच्या आतल्या 'अर्काइव्ह' फोल्डरमध्ये सापडली, तर कुठल्याच रांगेला तिची गरज उरलेली नव्हती आणि ती पुसली जाण्याची वाट बघत होती. ती तिथून परत वापरता येते. कप्पेच काय, सगळं गोदामच रिकामं दिसलं, तर घाबरण्याआधी एक खात्री करावी. सर्व्हर पुन्हा सुरू होताना गोदामाची डिस्क जोडली गेली आहे ना? ती न जोडताच निफाय सुरू झालं, तर त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरला ते गोदाम समजतं आणि जुना सगळा माल तिकडे सुटलेल्या डिस्कवर सुखरूप असतो.

निफाय अनेक सर्व्हरवर मिळून चालत असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मजकूर ज्या सर्व्हरवर, म्हणजे नोडवर, उतरला त्याच नोडच्या डिस्कवर असतो. तो नोड बंद असला तर शेजारच्या नोडवर कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही.

मुदत संपलेला माल

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. शेवटच्या टप्प्याने फ्लोफाइल हातावेगळी केली की तिच्या मजकुराला रांगेत कुणी वाली राहत नाही. तो लगेच पुसला जात नाही, काही काळ अर्काइव्हमध्ये राहतो. किती काळ, हे दोन सेटिंग ठरवतात. पहिलं मुदतीचं: जुन्या आवृत्त्यांत ती न बदलता १२ तास असे, अलीकडच्या आवृत्त्यांत ७ दिवस आहे. दुसरं जागेचं: डिस्क ५० टक्क्यांवर भरली की अर्काइव्ह रिकामं करायला सुरुवात होते. यातलं जे आधी लागू होईल ते चालतं.

गोम दुसऱ्या सेटिंगमध्ये आहे. हे ५० टक्के गोदामाचे धरले जात नाहीत, गोदाम ज्या डिस्कवर आहे त्या सगळ्या डिस्कचे धरले जातात. त्याच डिस्कवर लॉग साठत असतील किंवा शेजारी एखादा डेटाबेस बसवलेला असेल, तर निफायचा स्वतःचा साठा चिमूटभर असूनही पन्नाशी ओलांडली जाते. मग सेटिंगमध्ये ७ दिवस लिहिलेले असले तरी मजकूर काही मिनिटांत जाऊ शकतो. इतिहासाच्या दप्तराची मुदत मात्र वेगळी असते. अलीकडच्या आवृत्त्यांत ती न बदलता ३० दिवस आहे, अर्थात त्या दप्तराला नेमून दिलेली जागा पुरली तर. त्यामुळे नोंद दिसते आणि माल दिसत नाही.

आपल्या उदाहरणातल्या शनिवारचा उलगडा इथं होतो. इतिहासात त्या फाइलची शेवटची नोंद 'ड्रॉप' अशी आहे. सोबत शेरा आहे की डेटाबेसमध्ये भरण्याच्या टप्प्याने ती 'फेल्युअर'च्या वाटेला लावली आणि त्या वाटेवर आपोआप संपवण्याचं बटण दाबलेलं होतं. शनिवारी डेटाबेस थोडा वेळ बंद पडला, भरणा फसला आणि फसलेली फाइल कुणाला न कळवता टाकून दिली गेली. तिथून ती अर्काइव्हमध्ये गेली. डिस्क पन्नाशीच्या वर होती, म्हणून तिथूनही पुसली गेली. यंत्रणेने तिला सांगितलेलं सगळं बिनचूक केलं. ते बटण कुणीतरी पाइपलाइन बांधताना, लाल इशारा दिसू नये म्हणून दाबलेलं असतं आणि नंतर विसरलेलं असतं.

रांगेवर 'एक्स्पायरेशन'ची वेळ लावलेली असली तरी असाच प्रकार होतो. पुढचा टप्पा अडला, फाइल रांगेत ताटकळली आणि वेळ संपताच गळाली. इतिहासात तेव्हा ड्रॉपऐवजी 'एक्स्पायर' दिसतं.

खरोखर नष्ट झालेला माल

लॉगमध्ये 'कंटेंट नॉट फाउंड' अशी तक्रार दिसली, तर मामला गंभीर आहे. वहीप्रमाणे माल रांगेत उभा आहे, एक टप्पा तो उचलायला गेला आणि पत्त्यावर काहीच नव्हतं. निफाय अशी फ्लोफाइल रांगेतून काढून टाकतं आणि पुढे चालू लागतं. म्हणून लॉगमधली ती ओळ वाचणं भाग आहे.

याची नेहमीची कारणं अगदी साधी असतात. वीज गेली: लिहिलेली प्रत्येक गोष्ट तत्क्षणी डिस्कवर उतरवण्याचं सेटिंग वेगासाठी बंद ठेवलेलं असतं, आणि शेवटचे काही क्षण मेमरीतच विरतात. डिस्क भरली, किंवा जागा असूनही फाइलींच्या संख्येची मर्यादा संपली. अँटिव्हायरसने एखादी फाइल संशयित ठरवून उचलली. निफायच्या मार्गदर्शिकेतच त्याच्या दप्तरांना अँटिव्हायरसमधून वगळा असं सांगितलेलं आहे. जुन्या बॅकअपमधून वही एका दिवसाची आणि गोदाम दुसऱ्या दिवसाचं असं आणून बसवलं. आणि शेवटी, जागा करायला म्हणून कुणीतरी हाताने किंवा स्क्रिप्टने फाइली पुसल्या.

शेवटच्या कारणाने मोठमोठ्यांना दगा दिला आहे. जपानच्या क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या साठ्यातला सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुने लॉग पुसण्याची आज्ञा होती. ती चालू असतानाच तिची सुधारित प्रत तिच्या जागी ठेवली गेली. स्क्रिप्टने पुढचा भाग नव्या प्रतीतून वाचला, त्यातल्या काही व्हेरिएबलना किंमतच मिळालेली नव्हती, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. चार गटांचा डेटा परत आणता आला नाही.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. लक्षात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले. बॅकअप होते, पण रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच फसत होता, आणि तो फसल्याची ईमेल डिजिटल सही नसल्यामुळे परस्पर नाकारली जात होती. सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिने कंपनी तरली. त्या सहा तासांतली नोंद मात्र गेली. रोजचा बॅकअप फसतोय हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं, हे त्या दिवशीच उघड झालं.

कधी न आलेला माल

राहिलेली पहिली तऱ्हा फसवी असते, कारण तिच्यात लाल अक्षरं कुठंच दिसत नाहीत. माहिती मागितली, समोरच्या सर्व्हरने 'सगळं ठीक' असा २०० क्रमांकाचा निरोप दिला, आणि आत फक्त रिकाम्या यादीचे दोन चौकोनी कंस होते. फाइल आली, तिचा आकार दोन बाइट. इतिहासातला आकाराचा रकाना बघण्याची सवय असली तर हे एका नजरेत पकडता येतं. रोज काही केबीची येणारी फाइल दोन बाइटची दिसली, तर चौकशी गोदामात करायची नाही, जिथून माहिती येते तिथं करायची.

इंग्लंडमध्ये २०२० साली असंच एक प्रकरण घडलं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोविडबाधित रुग्ण तिथल्या रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांचे निकाल एकत्र करताना जुन्या पद्धतीची एक्सेल फाइल वापरली होती. तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी बसत नाहीत, आणि एकेका रुग्णासाठी अनेक ओळी लागत होत्या. जागा संपल्यावर पुढचे रुग्ण चुपचाप बाहेर राहिले. रुग्णांना त्यांचा निकाल कळला होता. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधणाऱ्या यंत्रणेकडे मात्र त्यांची नावं वेळेवर पोचली नाहीत. आत किती ओळी आल्या आणि बाहेर किती गेल्या, एवढा साधा ताळमेळ घातला असता तर फरक पहिल्याच दिवशी दिसला असता.

बाजारभावात याला आणखी एक पदर आहे. बाजार बंद असेल त्या दिवशी नोंद नसणं बरोबरच आहे. आवक शून्य असणं आणि नोंद न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पाइपलाइनला त्या वेगळ्या शिकवाव्या लागतात. सुट्ट्यांची यादी तिला दिली नाही, तर ती सणाच्या दिवशी उगाच आरडाओरडा करेल किंवा खरा खंड सुट्टी समजून सोडून देईल. आणि मधली जागा आदल्या-नंतरच्या दिवसांच्या सरासरीने भरून टाकण्याचा मोह तर मुळीच धरू नये. कांद्याचा भाव दोन दिवसांत किती वरखाली होतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रक कुठं पाठवायचा हे ठरवणाऱ्या माणसाला अंदाजाचा आकडा खरा म्हणून दाखवणं, ही आलेखातल्या रिकाम्या जागेपेक्षा वाईट गोष्ट आहे.

लक्षात येण्याइतकी मुदत

पुढे काय करायचं, ते या तीन तऱ्हांतूनच निघतं. गोदामाला स्वतंत्र डिस्क द्यावी. आलेला मूळ मजकूर कोणतीही प्रक्रिया करण्याआधी तारीखवार वेगळ्या जागी जसाच्या तसा ठेवावा. भावाच्या चार ओळींना जागा ती किती लागणार! फसलेल्या फाइली आपोआप संपवू नयेत, त्यांना वेगळी रांग द्यावी आणि त्या रांगेत काही साठलं की माणसाला निरोप जावा. रोज किती आलं आणि किती भरलं, याचा मेळ घालावा. अ‍ॅगमार्कनेटवर जुने दर तारखेनुसार पुन्हा शोधता येतात, म्हणून आपल्या उदाहरणातला शनिवार परत मिळवता येईल. एखाद्या सेन्सरचं तापमान किंवा पाण्याची पातळी गेली तर दुसऱ्यांदा मिळत नाही. तिथं मूळ प्रत ठेवणं सक्तीचंच.

आणि मुदत? ती ठरवताना बहुतेक जण डिस्क केवढी आहे ते बघतात. बिघाड घडल्यापासून तो माणसाच्या लक्षात येईपर्यंत किती वेळ जातो, ते आधी बघायला हवं. शनिवारी संध्याकाळी फसलेलं काम सोमवारी सकाळी दिसत असेल, तर मधे दीड दिवस गेला. जोडून सुट्टी आली तर अडीच किंवा साडेतीन. जिथं आलेख महिन्याअखेरीसच उघडला जातो, तिथं ७ दिवसांची मुदतही तोकडी पडते. मजकुराची मुदत या वेळेच्या निदान दुप्पट ठेवावी. तेवढी डिस्क नसेल तर लक्षात येण्याचा वेळ तरी कमी करावा, म्हणजे इशारे चांगले लावावेत. महिन्यातून एकदा कुठलीही जुनी फाइल निवडून ती इतिहासातून पुन्हा चालवून बघावी. चालली तर मुदत पुरेशी आहे. नाही चालली तर सेटिंग बदलायला अजून वेळ आहे, कारण त्या दिवशी कुणाचा भाव अडकलेला नसतो.